खांदमळणीचं तेल

पोळ्याच्या आसपास घनसावंगीच्या स्टँडवरून सुटणाऱ्या जीपमध्ये तो वास असतोच. थोडा गोडसर, थोडा रॉकेलसारखा, आणि मागून घशाला टोचणारा. कुणाच्या तरी मांडीवर पिशवी असते, पिशवीत फवारणीच्या औषधाची बाटली असते, आणि तिला खेटून लेकरांसाठी घेतलेली केळी. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. औषध घेतलेला माणूस वाटूर येईपर्यंत निवांत डुलक्या घेतो. मी तेवढी खिडकीकडे तोंड करून बसते. शेजारची बाई विचारते, गाडी लागते का? मी हो म्हणते. आता तिला काय सांगणार?

हे दिवस मोठे फसवे असतात. पाऊस उघडलेला असतो, ऊन पांढरंशुभ्र पडतं, बांधावर तरवड पिवळा होतो. रस्त्यावरून बघणाऱ्याला कपाशीचं रान देखणं दिसतं. आत शिरल्यावर कळतं. छातीएवढ्या कपाशीत वारं अजिबात फिरत नाही. खालून ओली जमीन वाफ सोडते, वरून ऊन, आणि मध्ये माणूस. त्याच्या पाठीवर भरलेला पंप, एका हातात दांडा, दुसऱ्या हातात नळी. पानाच्या खालच्या अंगाला फवारा बसला पाहिजे म्हणून तो नळी खालून वर मारतो. फवारा पानाला लागतो आणि उरलेला त्याच्याच तोंडावर येतो.

माझे आबा हेच काम करायचे. आम्हाला रान नव्हतं. गावात फवारणी म्हटलं की आबांचं नाव निघायचं. त्यांच्या हातचा फवारा सारखा बसतो, एक झाड सुटत नाही, असं लोक म्हणायचे आणि आबांना त्याचा फार अभिमान होता. चार-चार दिवस आधी सांगून ठेवावं लागायचं त्यांना. मी त्या कामावर शिकले. शाळेची फी, सायकल, जालन्याच्या कॉलेजचा पास, सगळं त्या पाठीवरून आलं. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. पुढचं कळायला ते सांगावं लागतं.

खांदमळणीची संध्याकाळ मला लख्ख आठवते. पोळ्याच्या आदल्या दिवशी ज्यांच्या दावणीला बैल असतात ते बैलांचे खांदे तूप-हळद लावून मळतात. वर्षभर जू वाहून तिथली कातडी राठ झालेली असते. आमच्याकडे बैल नव्हता, दावणही नव्हती. माय म्हणायची, आपल्या घरात वझं वाहणारा एकच हाय, त्याचेच खांदे मळू. ती आबांना अंगणात पालथ्या बादलीवर बसवायची आणि करडईच्या तेलाची वाटी घेऊन मागं उभी राहायची. पंपाच्या पट्ट्यांनी आबांच्या दोन्ही खांद्यांवर काळे वण पडले होते. त्या वणांवर ती अंगठ्यानं तेल जिरवायची. आबा म्हणायचे, "आता शिंगं रंगव आन् मिरव मला गावातून." माय त्यांच्या पाठीत एक चापट मारायची. त्या चापटीचा तेलकट आवाज मला अजून ऐकू येतो.

सुरुवात अशी मायेनं झाली. मग कधीतरी तिच्या डोक्यात आलं की तेलावर पाणी ठरत नाही, तसं औषधही ठरणार नाही. पंपात शेवटी पाणीच तर असतं. तेव्हापासून हंगामभर रोज सकाळी आबा फवारणीला निघाले की ती त्यांना तेल लावूनच सोडायची. हाताला, मानेला, आणि सगळ्यात जास्त पाठीला. पाठीला जास्त, कारण पंप तिथंच गळायचा. झाकणाचा वायसर झिजलेला होता. आबा झाकणाला चिंधी गुंडाळायचे, पण वाकलं की औषधाचं पाणी मानेवरून पाठीत उतरायचंच. दुपारी ते घरी आले की सदरा पाठीला चिकटलेला असायचा. माय तो सोलल्यासारखा काढायची आणि म्हणायची, बघा, तेल व्हतं म्हणून कातडीला काही झालं न्हाई.

बाकी सगळं गावात जसं चालतं तसंच चाललं होतं. औषध बाटलीच्या झाकणानं मोजायचं. दुकानदारानं दोन झाकणं सांगितली तर शेतमालक तीन टाकायला लावायचा. लिंबाच्या काडीनं ढवळायचं. नळीचं तोंड तुंबलं की तोंडात धरून फुंकायचं. बांधावर बसून त्याच हातानं भाकरी मोडायची. बाटलीसोबत एक घडीचा कागद येतो, मुंगीच्या पायासारख्या अक्षरांत, दहा भाषांत. आबा त्याची पुडी करून त्यात तंबाखू ठेवायचे. घरात वाचता येणारी मी एकटी होते. इतिहासाचे धडे मी मोठ्यानं वाचायची आणि आबा भिंतीला टेकून ऐकायचे. ती पुडी उलगडून वाचावी असं त्यांनी मला कधी म्हटलं नाही आणि मलाही कधी सुचलं नाही. परीक्षेत ते येणार नव्हतं.

माझ्या बारावीच्या वर्षी, याच दिवसांत, आबा एकदा भर दुपारी परत आले. ते कधी दुपारी येत नसत. दारात उभे राहून म्हणाले, "शोभे, घरात धूर कामून झाला गं?" चूल विझलेली होती. घरात धूर नव्हता. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं तर बुबुळातला काळा ठिपका मोहरीएवढा झाला होता. मग त्यांच्या तोंडातून लाळ गळायला लागली, आणि घाम असा फुटला की कुणी घागर ओतली असावी. शेजाऱ्यांनी जीप आणली. जालन्याला दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, कोणतं औषध होतं? शेतमालकाचा माणूस म्हणाला, हिरव्या झाकणाचं. डॉक्टर म्हणाले, सगळ्यांचीच झाकणं हिरवी असतात.

आबा वाचले. आठ दिवसांनी घरी आले तेव्हा अख्खी गल्ली दारात होती. आणि तेव्हाच ती गोष्ट झाली, जिचं पुढं इतकं मोठं झाड झालं. कुणीतरी म्हणालं, त्या फलाण्या गावचा गडी तर रानातच गेला, हे कसे वाचले? माय म्हणाली, आंगाला तेल व्हतं. बायकांनी माना हलवल्या. दोन दिवसांत गल्लीत प्रत्येक घरी करडईच्या तेलाची वाटी निघाली.

आबांचे हात त्यानंतर थरथरायचे. चहाची कपबशी त्यांना धरता येईना म्हणून माय त्यांना पेल्यात चहा द्यायची, तोही अर्धा. "पूर्ण भरला तर अर्धा मी जमिनीला पाजतो," असं ते हसून म्हणायचे. फवारणीला ते परत गेले नाहीत. सहा-सात वर्षं अशी काढली आणि एका हिवाळ्यात गेले. कागदावर हृदयविकार लिहिलं. ते खोटं नसेल. पण तो कागद बघताना मला वाटलं, माणसाच्या पाठीवर पंधरा वर्षं जे गळत राहिलं त्याला या कागदावर रकानाच नाही.

यात मी कुठं होते, ते आता सांगायला हवं.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी आमचे एक सर कीटकनाशकांवर शिकवत होते. चांगले शिक्षक, मी त्यांची ऋणी आहे. शिकवता शिकवता ते सहज बोलून गेले की खेड्यात काही लोक फवारणीआधी अंगाला तेल चोळतात आणि त्यांना वाटतं संरक्षण झालं. यातली बरीच औषधं तेलात विरघळतात. तेलकट कातडी म्हणजे त्यांना उघडं दार. एवढं बोलून ते पुढच्या मुद्द्याकडे वळले. वर्गातल्या मुलांनी ते वाक्य उतरवून घेतलं. मीही घेतलं. माझं अक्षर चांगलं आहे. त्या ओळीतसुद्धा ते बिघडलेलं नाही, वही अजून माझ्याकडे आहे.

त्या शनिवारी मी घरी गेले तेव्हा माय आबांच्या पाठीला तेल चोळत होती. फवारणी नव्हती, दुखणं होतं म्हणून. मी उंबऱ्यात उभी राहिले. सांगायचं काय? ज्या हातानं तू जीव लावलास त्याच हातानं, असं? मी दप्तर खुंटीला अडकवलं आणि चहा ठेवला. आबा आहेत तोवर नको, असं ठरवलं. आबा गेल्यावर, आता तर नकोच, असं ठरवलं. घरातून शिकलेली पहिली पोर म्हटल्यावर माणूस फार कृतज्ञ होतो. आईबापाचा, मास्तरांचा, गावाचा, चार आणे सोडून देणाऱ्या वाण्याचासुद्धा. ज्यांच्यामुळे शिकलो त्यांना त्यांची चूक दाखवायची म्हणजे बेइमानी वाटते. मी त्या गप्प राहण्याला माया म्हणत राहिले. आता मला त्या शब्दाचा राग येतो.

कारण दरम्यान आबांचा पंप माझ्या चुलतभावाच्या पाठीवर गेला. संतोष माझ्याहून चार वर्षांनी लहान. आबांसारखाच हात, आबांसारखाच अभिमान. त्याचं लग्न झालं तेव्हा मायनं नव्या सुनेला, रेखाला, बाकी संसाराबरोबर तेलही शिकवलं. कुठं किती लावायचं, मानेच्या खळगीत बोट कसं फिरवायचं. रेखा मन लावून शिकली. मी दर पोळ्याला गावी जायची आणि ओसरीवर बसून हे बघायची. दोन-तीनदा मी रेखाला म्हटलं, तेल कशाला लावता एवढं, कपड्याला डाग पडतात. डाग पडतात म्हटलं. याहून जास्त माझ्या तोंडून निघालं नाही.

मागच्या वर्षी गावात संरक्षणाचे संच आले होते. हातमोजे, चष्मा, तोंडाची पट्टी, पांढरा डगला. वाटप झालं, फोटो निघाले. ज्याच्या नावावर सातबारा त्याला एक संच, असा हिशेब. फवारणी करणाऱ्यांपैकी एकाच्याही नावावर सातबारा नव्हता. त्यामुळे संच गेले ते बंगल्यांच्या कपाटात. एका शेतमालकाचा मुलगा तो चष्मा लावून मोटारसायकल चालवतो. त्याच्या डोळ्यात चिलट जात नाही. मला हे संतोषनं हसत हसत सांगितलं. आमच्याकडे असल्या गोष्टी हसतच सांगतात. नाहीतर सांगायच्या कशा?

यंदा पोळा झाल्यावरच्या रविवारी गावच्या शाळेत फवारणीची काळजी या विषयावर बोलायला मला बोलावलं. मी विज्ञान शिकवते आणि गावची लेक आहे, माझं लोक ऐकतील, असं सगळ्यांचं मत पडलं. मी नऊ मुद्दे लिहून काढले. सातवा मुद्दा तेलाचा होता. वाटूरला संतोष मोटारसायकल घेऊन न्यायला आला. रस्ताभर बोलत होता. कपाशी बरी हाय, तुडतुडे लई झालेत, सोमवारपासून रोज काम हाय. मग म्हणाला, "ताई, आजकाल सांजच्याला जरा धुरकट दिसून राह्यलं. चष्मा लागला काय की."

मी मागं बसले होते म्हणून त्याला माझं तोंड दिसलं नाही.

मी विचारलं, डोकं दुखतं का? म्हणाला, फवारलं की दुखतंच, त्यात काय. उलटी? एकदा झाल्ती, वांगं बाधलं. मी म्हटलं, दवाखान्यात दाखव. तो म्हणाला, बराबर हाय, हंगाम उरकला की जातो.

शाळेच्या व्हरांड्यात तीस-चाळीस माणसं होती, बायकाही बऱ्याच. माय पुढच्या रांगेत, नवं लुगडं नेसून. रेखा आली नव्हती, मजुरीत मिळालेल्या मुगाची रास घरी पडली होती. मी बोलायला लागले. वाऱ्याच्या उलट दिशेनं फवारू नका. नळी तोंडानं फुंकू नका. बाटली फेकू नका, तिच्यावरचं नाव लक्षात ठेवा, दवाखान्यात तेच विचारतात. नाकातोंडाला फडकं बांधा म्हटल्यावर संतोष मागून म्हणाला, "ताई, तोंड बांधलं तर तंबाखू कुठून खायची?" मी म्हटलं, "खाता येऊ नये म्हणूनच बांध." लोक हसले, संतोषही हसला. सगळं चांगलं चाललं होतं. सहावा मुद्दा झाला. मी मायकडे बघितलं. ती माझ्याकडे अशा कौतुकानं बघत होती की मी सातवा मुद्दा सोडून आठव्यावर गेले. मागच्या रांगेत संतोष बसलेला, डोळे बारीक करून, जसं काही त्याला मी नीट दिसत नव्हते. ते बघूनही मी आठव्यावर गेले. हे मला लपवायचं नाही.

माझं बोलणं संपलं. टाळ्या पडल्या. आणि माय उठून उभी राहिली. चारचौघांत ती कधी बोलत नाही. पदर नीट करून बायकांकडे वळली.

"आमच्या शोभीनं सगळं बराबर सांगितलं. पर एक इसरली ती. आंगाला तेल लावल्याबिगर गड्याला रानात सोडू नका. पाठीला जास्त लावा. शोभीच्या आबाला तेलानंच वाचवलं, सगळ्या गावाला ठाऊक हाय."

बायकांनी माना हलवल्या. आता उद्यापासून तेल दुप्पट लागणार, आणि वर विज्ञानाच्या मास्तरणीचा शिक्का. सगळे माझ्याकडे बघत होते, मी हो म्हणायची वाट बघत.

मी म्हटलं, "माय, तेल लावायचं न्हाई."

"कामून?"

मी सांगितलं. औषध पाण्यात मिसळतं ते दिसायला, पण ते तेलाचं सोयरं असतं. तेलकट कातडीतून ते लवकर आत जातं. तेल त्याला अडवत नाही, घेऊन जातं. मी शक्य तितकं सावकाश सांगितलं, आणि सांगताना फळ्याकडे बघितलं. एका म्हाताऱ्यानं खाकरून घसा साफ केला. माय खाली बसली. नंतर चहा झाला, बिस्किटं वाटली, दोघा-तिघांनी मला बाजूला घेऊन प्रश्न विचारले. माय जागेवरच होती. तिनं चहा घेतला, कप धुऊन जागेवर ठेवला.

घरी जाताना ती माझ्या पुढं चालत होती. मारुतीच्या पारापाशी थांबली. वळली नाही.

"हे तुला कधीपासून ठाऊक हाय?"

खोटं बोलता आलं असतं. पुस्तकात परवाच वाचलं, असं. मी म्हटलं, "कॉलेजात होते तेव्हापासून. अकरा वर्षं झाली."

ती रडेल, असं मला वाटलं. मी अकरा वर्षं त्या रडण्याला घाबरत आले होते.

"माझं तर होऊन गेल्तं," ती म्हणाली. "रेखीला तरी सांगायचं व्हतं."

मग ती घराकडे न जाता गल्लीत शिरली. पहिल्या घरी, दुसऱ्या घरी, जिथं जिथं तिनं तेल शिकवलं होतं तिथं तिथं. उंबऱ्याच्या आत गेली नाही, कुणाकडे पाणी घेतलं नाही. म्हणायची, "मी सांगितलेलं चुकीचं व्हतं. तेल लावू नका. साबणानं आंग धुवा, सदरा रोजचा रोज धुवा." एका म्हातारीनं तिचा हात धरला, म्हणाली, आगं तू चांगल्यासाठीच सांगितलं ना. माय म्हणाली, "चांगल्यासाठी सांगितलं आन् वाईट झालं. आता लावू नका." मी तिच्या मागं चालत होते. बोलायला तिनं मला कुठंही सांगितलं नाही. अकरा वर्षं जे माझ्या सुंदर अक्षरातल्या एका वहीत पडून होतं, ते तिनं दिवेलागणीपर्यंत अख्ख्या गल्लीत पोचवलं, आणि तिला सही करता येत नाही.

शेवटचं घर संतोषचं. रेखा मुगाच्या शेंगा गोळा करत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले. तिनं फक्त माझ्याकडे एकदा बघितलं. तिला कपड्यावरचे डाग आठवले असावेत. डोळे बारीक करून बघणाऱ्या संतोषला मायनं समोर बसवलं, त्याचे डोळे उजेडाकडे करून बघितले आणि म्हणाली, उद्या फवारायला जायचं न्हाई, जालन्याला जायचं.

"मोठी माय, मी शब्द दिल्ला हाय. मालक काय म्हणंल?"

"त्याला म्हणावं, उद्या तुझी पाठ दे."

संतोष हसला. आम्ही कुणी हसलो नाही, तेव्हा तो थांबला.

सोमवारी सकाळी तो रेखासोबत जालन्याला गेला. डॉक्टरांनी दोन महिने औषधाच्या जवळ फिरकू नको म्हणून बजावलं, हे मला संध्याकाळी कळलं. पण त्याआधी, सकाळी नऊच्या सुमाराला, मी वाटूरच्या रस्त्याला लागले तेव्हा माय बांधापर्यंत सोबत आली होती. संतोषला ज्या रानात जायचं होतं त्या रानातून पंपाचा आवाज येत होता. शेतमालकानं रातोरात परगावचा माणूस आणला होता. कपाशीत त्याचं फक्त डोकं दिसत होतं आणि पाठीवरचा पिवळा पंप. फडकं नाही, काही नाही. मानेवर ऊन पडलं की कातडी चकाकत होती. तो घाम होता की तेल, इतक्या लांबून कळत नव्हतं.

माय म्हणाली, याला कोण सांगणार?

तिनं लुगडं वर खोचलं आणि कपाशीत शिरली. ओ दादा, ओ दादा, म्हणत ती ओळीओळीतून पुढं जात होती. मीही पिशवी बांधावर टाकून तिच्यामागं हाका मारत निघाले. पेट्रोलवर चालणाऱ्या पंपाचा आवाज फार मोठा असतो. तो माणूस आमच्याकडे पाठ करून, एकही झाड न सोडता, सावकाश पुढं पुढं जात राहिला.